मी ताप मोजला नव्हता

मी एक जुनी काचेची नळी आहे मित्रांनो, आणि आधीच सांगते, कौतुक करायला आला असाल तर या संग्रहालयातल्या पलीकडच्या कपाटाकडे जा. तिथे एक दुर्बीण आहे, तिला स्तुती फार आवडते. मला माझ्या मालकाचा अजून राग आहे. तो बाजूला ठेवून माझी गोष्ट सांगता येत नाही.

माझा जन्म काचकामासाठी नावाजलेल्या मुरानो बेटावरच्या एका भट्टीत झाला. वडील गेल्यावर ती भट्टी ओर्सोला चालवायची, तिनेच मला फुंकलं. वर कोंबडीच्या अंड्याएवढा फुगा, खाली हातभर लांब बारीक नळी आणि नळीचं तोंड पाण्याच्या वाडग्यात. फुगा गरम झाला की आतली हवा पसरते आणि नळीतलं पाणी खाली ढकलते. एवढंच माझं काम. मला घडवताना तिची दोन बोटं भाजली, तरी काचेत एक बुडबुडा तिने राहू दिला नाही.

मला घेऊन गेले ते दोत्तोर, म्हणजे वैद्य, ब्रेंत्सोन, पदुआच्या विद्यापीठात शिकलेले. त्या काळी असे विद्वान गावोगाव निघाले होते. जुन्या पोथ्यांत लिहिलंय म्हणून मानायचं नाही, स्वतः मोजायचं आणि मग बोलायचं, असं ते म्हणत. म्हणणं चांगलंच होतं, मी कुठे नाही म्हणते? एका कोरड्या, स्वच्छ दिवशी दोत्तोरांनी पाच धडधाकट कोळ्यांच्या तोंडात माझा फुगा दिला. पाणी जिथवर उतरलं तिथे नळीला लाल दोरा बांधला. पाणी दोऱ्याखाली गेलं की माणसाला ताप, असं ठरलं. "नाडी बघणारा हात फसतो. काच फसत नाही," असं ते चारचौघांत सांगायचे, आणि लोक माना डोलवायचे. मीही फुशारले होते, खोटं कशाला बोलू.

ओर्सोलाच्या स्वयंपाकघरात माझी एक जुळी बहीण टांगलेली होती. एकदा ओर्सोला मुद्दाम होडीने दोत्तोरांकडे आली.

"अहो दोत्तोर, ही काच जरा विचित्र वागते," ती म्हणाली. "वादळ यायचं असलं की पाणी आपोआप उतरतं. कुणी हात न लावता."

"चुलीची ऊब लागत असेल."

"चूल विझलेली होती. गारठ्याने माझे दात वाजत होते, तरी पाणी खाली."

दोत्तोर हसले. "बाई, काच तू फुंक. विचार आम्ही करतो."

हवेलाही वजन असतं, ते वादळाआधी कमी होतं आणि उघड्या वाडग्यातलं पाणी मग माझ्या नळीत चढून राहत नाही, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नसेना का. माहीत नसल्याचा मला राग नाही. सांगणारी दारात उभी होती आणि तिला हसून परत पाठवलं, त्याचा आहे.

मग प्लेगचं वर्ष आलं. हुकूम निघाला, ताप असेल त्याला रोग्यांच्या बेटावर न्यायचं. तिथून परत येणारा विरळाच. नोव्हेंबरातल्या एका सकाळी दोत्तोर मला घेऊन मुरानोत उतरले. आभाळ शिशासारखं झालं होतं, खाडीचं पाणी खवळत होतं. काठाला होडी आणि दोन पहारेकरी उभे होते.

पहिल्या घरातला म्हातारा, पाणी दोऱ्याखाली. दुसऱ्या घरातली सून, दोऱ्याखाली. तिसरा तर सकाळपासून लाकडं फोडत होता, तोही दोऱ्याखाली. अख्खी गल्ली एका सकाळी तापाने फणफणली, याचं दोत्तोरांना काही वाटलं नाही. ते नावं लिहीत राहिले.

चौथं दार ओर्सोलाच्या धाकट्या बहिणीचं, बेत्ताचं. ती जाळी विणायची. तिला नुसतं पडसं झालं होतं.

"सगळ्यांची थुंकी चाखून आलेली काच ही," बेत्ता म्हणाली. "निदान पुसा तरी, दोत्तोर. मला दुसऱ्याचं उष्टं चालत नाही."

त्यांनी बाहीने पुसली. तिने फुगा तोंडात धरला. पाणी दोऱ्याच्या दोन बोटं खाली उतरलं. पहारेकऱ्याने तिचा दंड धरला.

ओर्सोला शेजारून धावत आली. "कपाळाला हात लावून बघा तिच्या. गार आहे ती."

"हात फसतो," दोत्तोर म्हणाले.

"मग तुम्ही धरा तोंडात. आत्ता, सगळ्यांसमोर. पदुआत असंच शिकवतात ना, स्वतः करून बघायचं?"

लोक बघत होते. त्यांनी मला पुन्हा पुसलं आणि तोंडात धरलं. पाणी उतरलं, मित्रांनो. दोऱ्याच्या खाली, दोन बोटं. मी जिवाच्या आकांताने ते तिथे धरून ठेवलं, की आता तरी दिसू दे. त्यांनी पाहिलं. नीट पाहिलं. मग रुंद बाही नळीवरून खाली ओढली आणि शांतपणे म्हणाले, "वर आहे. मी ठणठणीत आहे."

"खोटं," ओर्सोला म्हणाली. "बाही काढा."

त्यांनी बाही काढली नाही. होडी सुटली. बेत्ता मागे वळून म्हणाली, "ताई, जाळं अर्धं राहिलंय, ओल लागू देऊ नकोस."

त्याच संध्याकाळी दार लावून त्यांनी लाल दोरा सोडला आणि दोन बोटं खाली बांधला. म्हणजे चूक कळली होती. यादी मात्र बदलली नाही. यादी बदलली असती तर काच फसते हे कबूल करावं लागलं असतं.

ओर्सोला रोज पाव घेऊन त्या बेटापर्यंत वल्हवत जायची. अकराव्या दिवशी पहारेकऱ्याने पावासकट टोपली परत दिली; आता खाणारं कुणी नव्हतं.

दोत्तोरांचा ग्रंथ छापला गेला. एका सकाळी यंत्राने चार रोगी ओळखले, असं त्यात आहे. माझ्या कपाटावरच्या पाटीवर त्यांचंच नाव आहे. रोज कुणीतरी येऊन माझी धूळ पुसतं, मला जपतं. मला जपू नका. उद्या कुणी मोठा माणूस माझ्यासारखं काही हातात घेऊन तुमच्या दारात आला, तर त्याला सांगा, आधी तुम्ही. आणि मग पाण्याकडे बघू नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघा.