शब्दाला बांधलेले पथक

दुपारी चारच्या सुमारास निंबदऱ्याच्या माणिकप्पांच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक कमी होई आणि चहापत्तीच्या रिकाम्या डब्यावर मंजुश्रीची बोटे आपोआप चालू लागत. आजही ती चालली होती. शाळेच्या मैदानावरून पथकाच्या सरावाचा आवाज येत होता. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली.

"अव्वा, ऐक की. ढोल मागं पडून राहिलेत."

आत ज्वारी निवडत बसलेल्या तिच्या आई नीलाबाई हसल्या. "तुला तर कुकरची शिट्टी बी मागंच पडल्यागत वाटती."

"हसू नको ना. ताशा कोण धरलाय काय माहीत. ताशानं सगळ्यांना वढून न्यायला पायजे."

"साखर दोन किलो बांध," तिचे वडील माणिकप्पा गल्ल्यावरून म्हणाले. "आन् ती टकटक बंद."

डबा खाली गेला. मंजुश्री सोळा वर्षांची. दहावीला शहाऐंशी टक्के मिळाले होते, जळकोटच्या कॉलेजात अकरावीला नाव होते, आणि गेले तीन आठवडे ती घरी होती. आजारी नव्हती. वडिलांनी शिकू नको असेही म्हटले नव्हते. सकाळी सातच्या बसमध्ये तिच्यासोबत बसायला गावातली एकही मुलगी उरली नव्हती, एवढेच.

का उरली नव्हती, हे सांगायचे तर पथकापासून सांगावे लागते.

सहा वर्षांपूर्वी भीमाशंकर गुरुजी गावच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झाले. घरी बसवेना म्हणून त्यांनी मुलामुलींचे ढोल-लेझीम पथक उभे केले. छत्तीस मुले जमली, त्यांत चौदा मुली. वाद्ये ठेवायला खोली नव्हती, तेव्हा गुरुजींनी एक पद्धत पाडली. दसऱ्याला एकेक ढोल एकेका घरी जायचा आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथेच राहायचा. चिठ्ठ्या मुले टाकत. ज्या घरी ढोल, त्या घराने त्याला ओल लागू द्यायची नाही, दोऱ्या सैल पडू द्यायच्या नाहीत. कुणाची आजी नातवाच्या आधी ढोलावर पांघरूण घाली. माणिकप्पांच्या घरचा ढोल पुढच्या वर्षी मातंगवाड्यात गेला, तेव्हा तिथल्या हलगीवाल्यांनी त्याची दोरी अशी ओढली की त्याचा आवाज नदीपलीकडे ऐकू जाऊ लागला. पथक कुणाचे, असा प्रश्न गावात कधी निघाला नाही.

याच पथकाने दुसरेही एक काम केले होते. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे मुली घरी बसत. "पथकातल्या पोरी एकत्र जातील, एकत्र येतील," असे गुरुजींनी दारोदार जाऊन सांगितले आणि सातवी झाली की एकेक करून चौदाही मुली जळकोटला जाऊ लागल्या. बसमध्ये त्यांचा असा गलका असे की कंडक्टर म्हणायचा, "उतरा गं बायांनो, माझ्या कानाला जरा सुट्टी द्या." त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची छाती नव्हती.

दोन वर्षांपूर्वी शेषेराव गावच्या उत्सव समितीचे अध्यक्ष झाले. माणूस वाईट नव्हता. कुणाचे मूल तापाने फणफणले तर स्वतःची जीप काढून लातूर गाठणारा. पण सगळे काही आपल्या नजरेखाली असावे असे त्यांना वाटे, आणि फोनवर कुणालाही नाही म्हणणे त्यांना जमत नसे.

त्यांनी सगळे ढोल गोळा करून आपल्या गोदामात ठेवले आणि कुलूप लावले. "एका जागी राहिलं म्हंजे शिस्त राहती, गुरुजी."

पावसाळ्यात उंदरांनी तीन ढोलांची चामड्याची पाने कुरतडली. पूर्वी असे झाले असते तर चार घरची माणसे धावली असती. आता पारावर बसलेला जो तो म्हणाला, "समितीचं हाय. समिती बघंल."

मग शब्द सुरू झाले. पुढाऱ्याचा वाढदिवस, ओळखीच्याच्या दुकानाचे उद्घाटन, कुणाच्या मेहुण्याची वरात. शेषेराव फोन ठेवत आणि गुरुजींना सांगत, "शब्द दिलाय म्या." शाळेचा दिवस आहे का, परीक्षा आहे का, मुलांच्या आईबापांना विचारले का, यातले काहीच त्या शब्दात नसे. गुरुजी गप्प बसत. आपण बोललो तर हा माणूस पथकच बंद करील, निदान मुलांच्या हातात लेझीम तरी राहू दे, असे ते स्वतःला समजावत.

जानेवारीत जळकोटला एका नेत्याचे स्वागत होते. मुले सकाळी नऊपासून डांबरी रस्त्यावर गणवेशात उभी होती. नेता दुपारी साडेतीनला आला. तोवर डीजेची गाडी पुढे लागली होती आणि पथकाला बाजूला व्हायला सांगण्यात आले. एक मुलगी चक्कर येऊन पडली. गर्दीतल्या टवाळ पोरांनी लेझीम धरलेल्या मुलींचे मोबाइलवर चित्रण केले, त्याला घाणेरडे गाणे जोडले, आणि संध्याकाळपर्यंत ते निंबदऱ्याच्या घराघरांत पोचले.

दुसऱ्या दिवशी व्यंकटी गोदामावर आला. त्याची थोरली शिवांगी दहावीला होती आणि पथकात होती. त्याने तिचा गणवेश शेषेरावांच्या समोर खुर्चीवर टाकला.

"आता ह्यो तुमीच घाला आन् नाचा नेत्यापुढं."

"आरं, माझा काय दोष? पोरं बाहेरगावची होती."

"पोरगी माझी होती ना! मला इचारलं होतं का?"

शेषेराव म्हणाले, "गावाची शान मनून केलं म्या." ते मनापासून म्हणाले होते, म्हणून तर उपाय नव्हता.

महिन्याभरात अकरा मुली पथकातून गेल्या. पथकातून गेली ती बसमधूनही गेली, कारण दोन्हींचा भरवसा एकच होता. उरलेल्या तिघींनी कशीबशी परीक्षा दिली. मग एक मामाकडे नांदेडला गेली, एकीचे नाव बापाने काढले. उरली मंजुश्री; एकटी म्हणून माणिकप्पांनी तिचाही सराव बंद केला.

आणि वैशाखात शिवांगीचे लग्न झाले. सोळा वर्षांची होती. पथकाने वरातीत वाजवावे असा शेषेरावांचा शब्द होता, व्यंकटीचा राग निवावा म्हणून. गुरुजी सगळ्यांत पुढे चालले. गावात कुणालाच काही चुकल्यासारखे वाटले नाही. जेवण चांगले झाले होते.

नागपंचमीला शिवांगी माहेरी आली. हातभर हिरव्या बांगड्या, आणि मनगटे काडीसारखी. सराव चालू असताना ती मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"ये ये, शिवांगी!" गुरुजी हरखले. "धर लेझीम. इसरली न्हाईस ना?"

"आता कुठलं, गुरुजी. तिसरा महिना हाय."

गुरुजींनी पुढे केलेली लेझीम खाली घेतली. ती मात्र सहज बोलत राहिली, जशी वर्गात बोलायची तशी. "माझ्या वरातीत लई झकास वाजिवलं तुमी. म्या गाडीत बसून ऐकून राहिले होते. वाटायचं, गुरुजी म्होरं हायत, आता बोलतील कायतरी. त्या चौकात थांबलात ना, तवा तर वाटलंच. पर तुमी लेझमीचा दुसरा हात सुरू केला."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती मुलांकडे बघून हसली, थोडा वेळ पायाने ठेका धरला आणि निघून गेली.

पुढच्या शनिवारी शेषेराव गुरुजींच्या घरी आले. "उद्या माणिकप्पाच्या दारात वाजवायचं. मंजुश्रीचा साखरपुडा हाय. पाव्हणे उदगीरचे, कापडाचं दुकान हाय त्यांचं. शब्द दिलाय म्या."

"पोरीला इचारलंय का?" गुरुजींनी विचारले.

शेषेराव हसले. "गुरुजी, तुमी बी ना! पोरींना कोण इचारतंय?"

माणिकप्पांनीही विचारले नव्हते. त्यांच्या परीने त्यांचा हिशेब सरळ होता. एकटी मुलगी बसने पाठवायची नाही. मग ती घरी बसणार. घरी बसलेली मुलगी किती दिवस ठेवायची? स्थळ चांगले आहे. स्थळ ठरले त्या दिवसापासून मंजुश्रीने दोन दिवस भाकरीला हात लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी ती जेवली आणि घर पुन्हा पूर्वीसारखे चालू लागले. नीलाबाईंना त्या जेवणाचीच जास्त भीती वाटली. चौदाव्या वर्षी लग्न ठरले तेव्हा त्याही अशाच तिसऱ्या दिवशी जेवल्या होत्या.

रविवारी अकरा वाजता पाहुणे ओटीवर बसले होते. मंजुश्रीला आत साडी नेसवून ठेवले होते. शेषेराव पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होते. रस्त्याने गुरुजी एकटेच आले.

"पोरं कुठं हायत?" शेषेरावांनी विचारले.

"घरी धाडली. पथक वाजणार न्हाई."

"गुरुजी, पाव्हण्यांपुढं बेइज्जती करू नका. पथक काय तुमच्या एकट्याचं हाय? समितीचं हाय ते."

"ढोल समितीचे हायत. ठेवा खुशाल कुलपात. पोरं समितीची न्हाईत." गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षे शिकवलेला माणूस, पण मोठ्या माणसांसमोर असे कधी बोलला नव्हता. त्यांनी पाहुण्यांना हात जोडले. "पोरगी किती वर्षांची सांगितली तुमाला?"

मुलाचे काका म्हणाले, "अठरा पुरी झाली म्हणले."

"हिला पहिलीत म्याच घेतलं. दाखल्यावरची तारीख माझ्या हातची हाय. सोळा वर्षं, दोन महिने. हिचं लगीन लावणं गुन्हा हाय, आन् उद्या कोणी इचारलं तर म्या खरं तेच सांगणार हाय."

मग काका उठले, टोपी सारखी केली. "माणिकप्पा, आमाला पोलीस-कचेरी नको. येतो आमी." आत पुरणपोळ्यांचा ढीग तसाच राहिला. गाडी गेली. शेषेरावही, गुरुजींकडे न बघता, निघून गेले.

माणिकप्पा उंबऱ्यावर बसले. "गुरुजी, तुमी माझ्या पोरीला शिकिवलं मनून हात उचलत न्हाई. मोडलंत ना? आता सांगा, उद्या सातच्या बसमधी तिच्यासंगं कोण जाणार? बोला! तुमचं पथक?"

हा माणूस चुकत होता, पण त्याचा प्रश्न खरा होता. सहा वर्षांपूर्वी त्याचे उत्तर होते. ते उत्तर दोन वर्षांत, एकेका शब्दाने, गुरुजींच्या डोळ्यांदेखत मोडले गेले होते.

"म्या जाते."

नीलाबाई आतून आल्या होत्या. हाताला पीठ होते.

"तू?" माणिकप्पा चकित झाले. "तुला जळकोटात कॉलेज कुठं हाय ते तरी माहीत हाय का?"

"तिला माहीत हाय की. म्या नुस्ती संगं जायची."

"दिवसभर काय करशील तिथं?"

"बसंन. हितं बी बसूनच असते."

"आन् सैपाक?"

"तुमी बगा. भाकरी गोल येती का न्हाई ते उद्या कळंलच." दाराआड मंजुश्री साडीच्या पदरात तोंड घालून रडत होती की हसत होती, ते कळले नाही. नीलाबाईंचा आवाज मात्र खाली आला. "पर गुरुजी, आठच दिवस. मुगाच्या शेंगा तोडाय आल्या की मला रानात जावं लागंल. आठ दिवसांत सोबत बगा तिला. न्हाईतर ही पुन्हा हितंच."

सोमवारी सातच्या बसमध्ये दोघी बसल्या. नीलाबाई कॉलेजच्या फाटकाजवळ लिंबाखाली दिवसभर बसून राहिल्या. येणारी-जाणारी माणसे त्यांना विचारत होती, "कोणाला भेटायचंय, मावशी?"

त्याच संध्याकाळी गुरुजी व्यंकटीच्या दारात उभे राहिले. शिवांगी सासरी परतली होती. तिची धाकटी बहीण ऋतुजा जूनमध्ये आठवीत जायची होती; तिला पाठवलेच नव्हते.

व्यंकटी बाजेवर होता. बसा म्हणाला नाही.

"शिवांगीच्या वरातीत म्या सगळ्यात म्होरं होतो," गुरुजी म्हणाले. "माझं चुकलं, व्यंकटी."

"आता मनून काय उपेग?"

"तिला न्हाई उपेग. ऋतुजासाठी आलोय."

"पथकात न्हाई धाडणार. एकदा बगितलं तेवढं बास."

"पथक न्हाई. साळा. सातची बस. आठ दिवस नीलाबाई हायत. त्याच्या म्होरं मंजुश्रीला सोबत पायजे, आन् हिला बी."

व्यंकटी बाजेवर उठून बसला. मग म्हणाला, "आन् परत कोणी शब्द देऊन बसलं तर? तुमी काय करणार?"

"म्या न्हाई मनंन. पर खरं सांगू का? ते न्हाई मनायचं काम बी माझं न्हाई. पोरीचं हाय. सहा वर्षं म्या त्यांना ढोल पायजे का लेझीम एवढंच इचारलं. बाकी कायच इचारलं न्हाई."

व्यंकटीने त्यांच्याकडे पाहिले. मग मान वळवून त्याने आत हाक मारली, नेहमीच्याच करड्या आवाजात. "ऋतुजा! साळंला जायचं हाय का गं तुला?"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

पाणी आण, दार लाव, शेळी बांध, हे सगळे तिला ओळखीचे होते. असे काही तिला या घरात कुणी विचारले नव्हते. कोणते उत्तर दिले म्हणजे बाप रागावणार नाही, याचा ती अंदाज घेत असावी.

व्यंकटीने पुन्हा हाक मारायला तोंड उघडले. गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवले.

"घाई करू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला बोलू दे."