वाफेच्या टोपलीवर जळणारा तवा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे. एका मोठ्या शहरात, चपलांचं दुकान आणि बँक यांच्यामध्ये अंग चोरून उभ्या असलेल्या बर्गरच्या हॉटेलात मी राहतो. तव्याला जळणं काही नवं नाही. पण मध्यंतरी माझ्याखाली शेगडी पेटलेली नसतानाही मी जळत होतो, त्याची ही हकिकत.

ओतशाळेतून आलो तेव्हा मी राखाडी आणि खरखरीत होतो. हॉटेलच्या मालकिणीने, म्हणजे ताईने, मला तेल पाजून, तापवून काळाभोर आणि गुळगुळीत केलं. समोरच्या उंच स्टुलांवर बसलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे टक लावून बघत. खिम्याची टिक्की माझ्यावर चर्र करून पडली की त्यांच्या गप्पा थांबत. कौतुक ताईच्या हाताचं व्हायचं, पण अर्धं मी आपल्या नावावर धरायचो.

मग ताईची धाकटी बहीण चिमी आली. पूर्वेकडच्या देशांतल्या स्वयंपाकघरांत ती बरंच काही शिकून आली होती. तिने येताना बांबूच्या टोपल्या आणल्या, सोया सॉस, तीळ आणि आंबवलेल्या कोबीच्या बरण्या आणल्या. टोपलीत वाफवलेले पांढरेशुभ्र पाव, त्यात तिखट-गोड कोबी आणि वाफेवरच शिजवलेली कोंबडी, असा तिचा नवा बर्गर. झाकण उघडलं की वाफेचा लोट उठायचा आणि सगळ्या माना तिकडे वळायच्या. मोबाइलवर फोटो निघायचे ते टोपलीचे. मी ढणढणत असलो तरी माझ्याकडे ढुंकून कोण बघतो! चार काड्या विणून झालेली ती टोपली आणि तिचा तो तोरा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ताईचंही तेच झालं होतं. ती उलथनं आपटून ठेवी. हळूहळू तिने मला तेल लावणं सोडलं. मग मला उतरवून मोरीशेजारी भिंतीला टेकवलं. कडांवर तांबूस गंज चढला. भंगारवाल्याला बोलावल्याचंही माझ्या कानावर आलं.

त्याच आठवड्यात दोघींचे वडील जेवायला आले. चिमीने केलेला बर्गर त्यांनी बोटं चाटत संपवला आणि ते म्हणाले, असं तर मी कधीच खाल्लं नव्हतं. ते गेल्यावर ताईने एप्रन सोडला. हॉटेल आता तूच सांभाळ, मी निघाले, असं म्हणून ती दाराकडे वळली.

चिमी तिला आडवी आली. तिचा आवाज चढला नाही. "ताई, लहानपणापासून घरात सगळ्यांना तुझ्याच हातचं हवं असायचं. मी केलेलं ताटात तसंच राहायचं. आज बाबा पहिल्यांदा मला चांगलं म्हणाले. एवढंही तुला बघवत नाही का?"

ताई दारातून मागे फिरली. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मला वाढ. मी अजून चाखलासुद्धा नाही."

ती सावकाश खात होती. शेवटचा घास ठेवून म्हणाली, "चव छान आहे गं. पण पावाचं बूड ओलं होतंय, पाव हातात मोडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने मला खरवडलं, घासलं, तेल पाजलं. चिमीचे वाफवलेले पाव आता माझ्यावर पालथे पडतात, बुडाला खरपूस होतात. कोंबडीच्या शेजारी ताईची टिक्कीही असते. भंगारवाला आला, पण रिकाम्या हातानेच गेला.

मित्रांनो, बीड वापराविना ठेवलं की गंजतं, म्हणून जुन्या भांड्यांना कधीमधी तेलाचं बोट लावत जा. आणि घरात कुणी काही नवं रांधलं, तर रुसण्याआधी एक घास चाखून बघा. मी शहाणा झालो असं मात्र समजू नका. टोपलीचं झाकण उघडलं आणि माना तिकडे वळल्या, की माझा अजूनही जळफळाट होतो. मग मी पाव जरा जास्तच खरपूस भाजतो.