गराची शेवटची पिशवी

डीप फ्रीझरच्या तळाशी एकच पिशवी उरली होती. तिच्यावर बाबांच्या तिरक्या अक्षरात तारीख होती. त्या तारखेनंतर नवव्या दिवशी बाबा गेले. आज ही पिशवी फोडली की त्यांच्या हातचं काहीच शिल्लक राहणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि न फोडून भागणार नव्हतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी सकाळीच बजावलं होतं. "तुमच्या झाडांचा आकडा बाकीच्यांच्या तिप्पट आलाय. छानच आहे. पण नमुना घरचा, तेव्हा काटेकोरपणा दुप्पट. दुसऱ्या पिशवीवर पुन्हा कर. तोच आकडा आला की मी डोळे मिटून सही करते."

दादा बाहेरच्या बाकावर बसला होता. मांडीवर लेबलाचा कच्चा नमुना. वर बाबांचा फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत 'तिप्पट अँटिऑक्सिडंट'. बाबांनी वीस वर्षं जपलेल्या ताडासारख्या उंच झाडांच्या फळांची पूड पहिल्यांदाच बाजारात जाणार होती, आणि छापखान्याला एक वाजेपर्यंत होकार हवा होता.

"झालं का गं? छापखानेवाला माझा जीव खातोय."

"आत्ता तर काढली पिशवी. गराचा दगड झालाय."

"मग फुंकर मार."

असं बाबा म्हणायचे. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं, आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

आत येऊन तिने पिशवी कोमट पाण्यात सोडली. गर हळूहळू सुटा झाला. तिने तो चमच्याने उचलला आणि तिचा हात तसाच राहिला.

गर तांबडा होता.

या फळाचा गर गडद जांभळा असतो. तो रंग ज्या द्रव्याचा, त्या अँथोसायनिनला आंबट लागलं की ते तांबूस होतं. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकलेली गोष्ट. मागच्या पिशवीचा गरही असाच होता. परक्या कुणाचा नमुना असता तर ती तिथेच थांबली असती. बाबांचा होता, म्हणून तिने स्वतःची समजूत घातली होती: फळं जास्त पिकलेली असतील.

तिने आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लालभडक झाली. हे फळ इतकं आंबट नसतं.

तरी तिने काम थांबवलं नाही. अर्क काढला, गाळला, तपकिरी बाटलीत भरून वर चंदेरी कागद गुंडाळला. मग जांभळ्या द्रावणाच्या सहा नळ्यांत मोजून मोजून थेंब सोडले आणि नळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवल्या. अर्कात दम असेल तेवढं द्रावणाचं जांभळेपण मरतं आणि पिवळं उरतं. त्याला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात तिने ओटा दोनदा पुसला.

कपाट उघडलं तर सहाही नळ्या पिवळ्याधमक. यंत्रावर आकडा आला: तिप्पट. अगदी मागच्यासारखाच.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. कागद हातात होता. बाईंनी मागितलं होतं ते एवढंच. तांबड्या रंगाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. दादा काचेच्या दारापाशी येऊन भुवया उंचावून विचारत होता, काय? तिने हाताने त्याला थांब म्हटलं.

उरलेला अर्क तिने दुसऱ्या यंत्रात घातला. हे यंत्र अर्कातली द्रव्यं एकेक करून वेगळी करतं आणि पडद्यावर प्रत्येकाचं टोक काढतं. पहिली तीन मिनिटं रेघ सपाट होती. ती पडद्यावरून नजर न काढता उभी राहिली. काही येऊ नये, असं तिला वाटत होतं. यंत्राकडे बघताना माणसाला असं काही वाटू नये, हेही कळत होतं.

चौथ्या मिनिटाला रेघ उठली आणि उठतच गेली. क जीवनसत्त्व. द्रावणाचं जांभळेपण तेही मारतं, आणि या फळात ते नावालाच असतं.

ती बाहेर आली. "दादा, बाबा गरात लिंबू पिळायचे?"

"हो. पिशवीमागे दोन. त्यात काय एवढं?"

"मग आपण लिंबू मोजलं. फळाचं किती आणि लिंबाचं किती, मला सांगता येत नाही."

दादाने लेबलाकडे पाहिलं. "म्हणजे बाबा लबाड?"

"बाबांनी लपवलं कुठे? फॉर्मवर रकाना असतो, काही मिसळलंय का. तो मी भरला. त्यांना न विचारता 'नाही' लिहिलं. तेव्हा ते होते, दादा. एक फोन करायचा होता."

"मोसम संपला. नुसती फळं आता पुढच्या वर्षी." त्याचा आवाज चढला. "सगळ्या जगाला तू आकडे देतेस. घरचा एक तुला गिळवला नाही?"



मग तो खाली बघत म्हणाला, "तुझ्यासाठीच पिळायचे. लहानपणी गर जरा काळा पडला की तू तोंड फिरवायचीस. शिळा आहे म्हणायचीस. तेव्हापासून सवयच लागली त्यांना. आम्ही खायचो की काळा."

त्याचा फोन वाजला. तो वाजू देत त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"हं, बोला," दादा फोनवर म्हणाला. "ती तिप्पटची ओळ काढा. ... काढा म्हटलं ना. ... नाही, तिथे दुसरं काही नको. फोटो आहे तो पुरे."

ती आत गेली. फाइलीतून जुना फॉर्म काढला, 'नाही' वर एक सरळ रेघ मारली, बाजूला सही आणि तारीख घातली. मग लिहिलं: होय, लिंबाचा रस. पुढे 'कारण' असा छोटा रकाना होता. तिथे पेन जरा अडलं.

काळा पडू नये म्हणून, तिने लिहिलं, आणि कागद बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.