साडूच्या मशीनला तीन दात

थोरल्या जावयाच्या पोटात दुखायला लागलं ते एका रविवारी, सासूबाईंकडे, जेवणं उरकून सगळे हात धुवायला उठले तेव्हा. त्याआधी त्याची तब्येत उत्तम होती.

तो कवळ्या बनवायचा. दाताचे डॉक्टर मापं पाठवत आणि हा घरातल्या मागच्या खोलीत दार लावून बसून लोकांना दात देत असे. कामात चोख. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. पण हसताना त्याची आठवण कोणी काढत नसे, कारण कवळी उत्तम झाली म्हणजे ती कवळी आहे हेच कोणाला कळत नाही. काम जितकं चांगलं तितकं नाव कमी, असा हा धंदा.

धाकटा जावई, म्हणजे त्याच्या मेहुणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं सगळं उलट. तीन तास अडकलेल्या माणसासमोर दार उघडलं की माणूस त्याच्या गळ्यातच पडायचा. वर्षातून दोन-तीनदा अनोळखी बायका त्याच्या खांद्यावर रडायच्या, आणि हे तो सगळ्यांना जेवताना सांगायचा. घरात येऊन त्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती. कानामागून आला आणि तिखट झाला, असं थोरल्याचं मत होतं. ते त्याने अजून कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

तर त्या रविवारी थोरल्याने एक गंमत सांगितली. गेली नऊ वर्षं तो ज्याच्याकडे केस कापायचा तो सलूनवाला दुकान बंद करत होता. दुकानाच्या मागे साठ वर्षांपूर्वीचं एक मशीन होतं. एकाच पिंपात कपडे धुवायचे आणि त्याच पिंपात वाळवायचे. पुढे गोल काचेचं दार, अंगाला पांढरं इनॅमल, वजन म्हशीएवढं.

"नऊ वर्षं त्यातला गरम टॉवेल माझ्या तोंडावर पडतोय," थोरला म्हणाला. "आता त्याला भंगारातसुद्धा कोणी विचारेना."

सगळे हसले. धाकटा हसला नाही. त्याने टॉवेलला हात पुसले आणि विचारलं, "सलून कुठे म्हणालात, साडूभाऊ?"

बुधवारी मशीन धाकट्याच्या घरी होतं.

सलूनवाल्याने म्हणे ते सहजासहजी दिलं नाही. मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी केली. घरात माणसं किती, कपडे रंगीत जास्त की पांढरे, पाणी जड की हलकं, रागाच्या भरात दार आपटायची कोणाला सवय आहे का. धाकट्याने उत्तरं दिली नाहीत. त्याने मशीनच्या अंगाला कान लावला, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाला, "पट्टा सैल झालाय हिचा. पण मन साफ आहे." सलूनवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ही हकीकत थोरल्याला खुद्द सलूनवाल्यानेच सांगितली, त्याचे शेवटचे केस कापताना. त्या दिवशी टॉवेल गार होता.

पुढचे तीन आठवडे धाकटा रोज संध्याकाळी मशीनच्या पोटात डोकं घालून बसला. पट्टा बदलला, गंज खरवडला, दाराचं रबर नवीन बसवलं. पाणी जायच्या नळीतून केसांचा एक गोळा निघाला, मध्यम आकाराच्या कुत्र्याएवढा. त्यात नऊ वर्षांचे आपलेही केस असणार, असा विचार थोरल्याने केला. म्हणजे न्यायाने पाहिलं तर मशीनमध्ये त्याचा वाटा होता. आयत्या बिळावर नागोबा बसला होता, आणि बीळ थोरल्याच्या केसांनी भरलेलं होतं.

शेवटी धाकट्याने मोडीत निघालेल्या एका लिफ्टचे दिवे आणून मशीनवर लावले. तळमजला म्हणजे धुणं. पहिला मजला खळबळणं, दुसरा पिळणं, तिसरा वाळवणं. कपडे वाळले की लिफ्ट आल्यासारखं 'टिंग' वाजायचं. सासूबाई अर्धं आयुष्य चौथ्या मजल्यावर जिना चढून राहिलेल्या. त्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसल्या आणि दर पाच मिनिटांनी विचारू लागल्या, "आता कितव्या मजल्यावर आहेत गं माझ्या चादरी?"

इथपर्यंतही थोरल्याने सोसलं असतं. माणूस सासूच्या कौतुकाशिवाय जगू शकतो, तो चौदा वर्षं जगलाच होता. पण त्याची बायकोही तिथे जाऊ लागली.

ती नुसती जायची नाही, बसायची. बादली पालथी घालायची आणि काचेसमोर बसून राहायची. एक अडचण होती, ती म्हणजे मशीनची चावी, धुण्यापासून वाळवण्यापर्यंत एकेक टप्पा पुढे जाणारी, आपोआप सरकत नव्हती. हाताने ढकलावी लागे. ते काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. धुण्यापासून टिंगपर्यंत दोन तास चाळीस मिनिटं. थोरल्याने घड्याळ लावून पाहिलं होतं. आपल्याकडे तिने सलग किती वेळ पाहिलंय, हेही त्याने आठवून पाहिलं. सगळ्यात मोठी वेळ लग्नाच्या फोटोची निघाली, चार मिनिटं. तीही फोटोग्राफर 'तिकडे बघा, तिकडे बघा' म्हणत होता म्हणून.

"काय असतं गं त्यात एवढं बघण्यासारखं?" त्याने एकदा विचारलं.

"काही नाही. तुमचा निळा शर्ट वर येतो. मग खाली जातो. मग परत येतो."

"माझा शर्ट बघायला साडूच्या घरी कशाला जायला हवं? मी तो अंगात घालून इथेच असतो की."

"तुम्ही दार लावून असता," ती म्हणाली. "त्याला काच आहे."

दार तो लावायचा कारण घासकामाची पूड घरभर उडते. हे लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात ठरलं होतं, आणि ठरवलं तिनेच होतं. पण ही गोष्ट आता काढून उपयोग नव्हता.

आणि मग एका संध्याकाळी धाकटा स्वतःच थोरल्याच्या दारात उभा राहिला. हातात रुमाल, रुमालात पितळेचं एक चाक, बशीपेक्षा लहान. चावी पुढे सरकवणारं चाक हेच. त्याचे तीन दाते झिजून सपाट झाले होते.

"बाजारात मिळत नाही, साडूभाऊ. बनवणारी कंपनी बुडून चाळीस वर्षं झाली. म्हटलं, एवढं बारीक काम आपल्या माहितीत एकच माणूस करतो."

थोरल्याने चाक उजेडात धरलं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. "आ करा" म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"बघतो," तो म्हणाला. "परवा या."

त्याच्या फळीवर दोन डबे असत. एका डब्यात पक्का मसाला, ज्याचे दात माणसापेक्षा जास्त टिकतात. दुसऱ्यात कच्चा. पक्की कवळी तयार होईपर्यंत पेशंटला हसता यावं म्हणून तात्पुरते दात करतात, ते या कच्च्या मसाल्याचे. चहाची ऊब हे दात सोसतात, त्यापुढची नाही. आणि चावीचं चाक नेमकं गरम हवेच्या नळीला चिकटून होतं.

थोरल्याचा हात पक्क्या डब्यावर गेला, थांबला आणि शेजारच्या डब्यावर उतरला. चार खेपा, त्याने अंदाज केला. पाचव्या खेपेला साडूची लिफ्ट सगळ्यांच्या देखत बंद पडेल. मग बायको घरी येईल. योजना साधी होती.

त्यात एकच खोट निघाली. थोरल्याला वाईट काम करता येत नव्हतं. एकदा हातात कानस आली की तो स्वतःलाही ऐकत नसे. त्याने दाते जुन्या दात्यांशी ताडून पाहिले, कार्बन कागद घालून, साडूने सोबत आणलेल्या जोडीच्या चाकाशी त्यांचा चावा तपासला, आणि सवयीने त्यांना शेजाऱ्यांच्या रंगाशी जुळेलसा किंचित पिवळेपणाही दिला. तीन दात कच्च्या मालाचे, पण देखणे.

चार खेपा झाल्या. पाचवी झाली. आठवी झाली. चावी घड्याळासारखी सरकत होती. रविवारी सासूबाई म्हणाल्या, "दात मात्र थोरल्या जावईबापूंनी बसवलेत हो," आणि सगळे थोरल्याकडे वळून हसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कामाचं कोणीतरी नाव घेतलं होतं, आणि ते काम फसवं होतं. चावी आता ढकलावी लागत नव्हती, म्हणून बायको दोन्ही हात मोकळे सोडून बघत बसू लागली होती. हे तर आधीपेक्षाही वाईट झालं.

तेराव्या खेपेला त्याने मनातल्या मनात माघार घेतली. ठीक आहे, म्हणाला, नाही बिघडत तर नाही. रविवारी साडूला सांगू, चाक एकदा तपासायला आणा, आणि गुपचूप पक्के दात बसवून देऊ. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने त्या दिवशी दोन कवळ्या जास्त केल्या.

चौदावी खेप शनिवारी झाली. सासूबाईंनी त्या दिवशी सासऱ्यांचा गाऊन आणला होता. टॉवेलच्या कापडाचा, जाडजूड. सासरे गेल्यापासून त्या तो रोज संध्याकाळी अंगावर घेऊन बसत, आणि म्हणूनच वर्षभरात तो धुतला गेला नव्हता. तो वाळायला चादरीच्या दुप्पट वेळ लागत होता. नळी तापत गेली. तिसऱ्या मजल्याचा दिवा लागलेला असताना तिन्ही दात मऊ पडले, शेजारच्या चाकात ओघळले आणि तिथे गार होऊन घट्ट बसले. चावी पुढे जाईना, मागेही येईना. आणि चावी शेवटपर्यंत गेल्याशिवाय दाराची कडी सुटत नसे. साठ वर्षांपूर्वी लोक असं जबाबदारीने मशीन बनवायचे.

हे सगळं थोरल्याला बायकोने सांगितलं. ती दुपारी घरी आली ती सरळ मागच्या खोलीत, दार न वाजवता. तिने रुमाल टेबलावर उलगडला. आत तेच चाक होतं, जोडीच्या चाकासकट.

"धाकटे म्हणाले, साडूभाऊंची काही चूक नाही. मीच हवा जास्त गरम ठेवली."

म्हणजे चांगुलपणातही तो पुढे.

"दार तोडायचं नाही म्हणते आई. काच फुटेल म्हणते. समोर बसलीये. 'असू दे, दिसतोय ना तो आत,' म्हणते."

बायकोने चाक उचललं, नाकाशी नेलं आणि हुंगलं. चौदा वर्षं ती त्याच्या कवळ्या डब्यांत भरून दवाखान्यात पोचवत होती. डबा न उघडता आतल्या दातांचं वय सांगू शकली असती.

"हे पक्के नाहीत," ती म्हणाली.

"पक्का मसाला संपला होता."

तिने फळीकडे पाहिलं. पक्का डबा काठोकाठ भरलेला होता, आणि त्यावर त्याच्याच अक्षरात 'पक्का' असं लिहिलेलं होतं. व्यवस्थितपणा माणसाला असा तोंडघशी पाडतो.

"तू तिकडे जाऊन बघत बसतेस," तो म्हणाला.

"कोणाला? धाकट्यांना?"

"मशीनला."

ती हसेल असं त्याला वाटलं. हसली असती तर परवडलं असतं.

"चौदा वर्षांच्या संसारात तुम्ही पहिल्यांदा कोणावर तरी जळलात," ती म्हणाली, "आणि ते कपडे धुण्याच्या मशीनवर."

"वाळवतं पण ते."

"त्यासाठी माझ्या बाबांचा गाऊन कोंडून ठेवलात."

त्याने चाक घेतलं, चिमट्याने कच्च्या मसाल्याचा शेवटचा कण काढून टाकला आणि पक्का डबा उघडला. "संध्याकाळपर्यंत देतो. तू जा, आईंजवळ बस."

"मी कुठेही जात नाही," ती म्हणाली. कोपऱ्यातलं स्टूल तिने ओढलं, त्यावरचे जुने जबडे जमिनीवर ठेवले आणि त्याच्यासमोर बसली. "पुन्हा डबा चुकला तर? मी आता तुमच्या हातावरून नजर हलवणार नाही."

"पूड उडेल."

"उडू दे. मला दिसत राहू दे सगळं."

थोरल्याने मसाला कालवला. साचा भरला. पहिला दात निघाला, त्याने तो घासायला घेतला. तिच्या केसांवर बारीक पांढरी पूड बसत गेली, पण ती हलली नाही. तिचा राग गेला नव्हता, हे त्याला न बघताही कळत होतं. तरी ती बघत होती. मध्येच एकदा विचारलं, "हे काळं काय लावता?" त्याने सांगितलं, चावा तपासतो. ती 'अच्छा' म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटायचं, आत तुम्ही पेपर वाचता." त्याने समोरच्या घड्याळाकडे नजर टाकली. एक तास दहा मिनिटं झाली होती.

फोन वाजला. सासूबाई होत्या. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"झालं का गं? हा अजून तिसऱ्यावरच आहे."

बायकोने नवऱ्याच्या हातातल्या दाताकडे पाहिलं. पहिला झाला होता, दुसरा अर्धा.

"इथे दुसरा चाललाय, आई," ती म्हणाली. "वेळ लागेल."

दुसरा दात खरं तर थोड्याच वेळात झाला. थोरल्याने तो उजेडात धरला, मान हलवली आणि पुन्हा सुरुवातीपासून घासायला घेतला.