टॅलो क्रीकची मुकी घंटा

शेजारची ऑटिली कुंपणावर कोपर टेकून माझ्याकडे बघत म्हणायची, "जेवायला बोलावते आहेस तोवरच तू गावाची लाडकी. पोटं भरली की हाच आवाज त्यांच्या कानाला टोचेल, बघ." ही बाई उगाच कुरकुर करते, असं समजून मी ते मनावर घेतलं नाही. तिथेच चुकले.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी घंटा आहे. अलाबामातल्या टॅलो क्रीक गावात, कॉलेज रस्त्यावर, मिस वर्लीन टॅकेट यांच्या अंगणातल्या खांबावर मी साठ वर्षं होते. मिस वर्लीन कॉलेजच्या मुलांना घरी ठेवून घ्यायच्या. बाराच्या ठोक्याला त्या दोरी ओढत, माझ्या पोटातला लोळा दणादण आदळे आणि मुलं पुस्तकं टाकून धावत येत. चवळी, तळलेली भेंडी, लोण्यात न्हालेली मक्याची भाकरी. हॅस्केल प्रुइट नावाचा एक काटकुळा मुलगा सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर उठायचा. हे नाव ध्यानात ठेवा. मी ठेवलं आहे.

गावाची एक रीत होती. अवेळी घंटा झाली, की हातातलं काम टाकून पळत यायचं. मी दोनदा तशी वाजले. एकदा ग्रंथालयाला आग लागली तेव्हा आणि एकदा ओढा फुगला तेव्हा. दोन्ही वेळा सारं गाव अंगणात उभं होतं.

मग कॉलेजनं स्वतःचं भोजनगृह बांधलं. मुलं गेली. मिस वर्लीन एकट्या राहिल्या आणि मला फक्त रविवारी, चर्चहून आल्यावर वाजवू लागल्या. शेजारी कॉलेजचं पाहुण्यांचं घर झालं. तिथल्या पाहुण्यांना माझा त्रास होऊ लागला. तोच प्रुइट आता कॉलेजच्या इमारतींचा मोठा साहेब होता. त्यानं कामगाराला फोनवर सांगितलं, ती घंटा बंद करून टाक. कशी, ते त्यानं विचारलं नाही.

एका शुक्रवारी मिस वर्लीन केस करून घ्यायला गेल्या असताना कामगार आला. त्यानं पान्यानं माझा लोळा काढला, गाडीत टाकला आणि गेला. कुणाला एक शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा फुटबॉल सामना होता. सकाळीच मिस वर्लीन अंगणात घसरून पडल्या. कंबरेचं हाड मोडलं. त्या सरपटत माझ्या खांबापर्यंत आल्या, पाठ टेकून बसल्या आणि त्यांनी दोरी ओढली. मी जीव खाऊन झुलले. आवाज नाही. त्यांनी पुन्हा ओढली. हाक मारली, ती सामन्याला निघालेल्या गाड्यांच्या गोंगाटात विरली. मग त्यांनी रस्त्याकडे हात वर केला.

टॅलो क्रीकमध्ये कुणी अंगणातून हात वर केला, की उलट हात हलवायचा. तसे लहानपणापासूनचे संस्कार. त्या दिवशी शेकडो लोकांनी हात हलवले. काहींनी गाडीचा भोंगाही वाजवला. एक लहान मुलगी थांबून म्हणाली, "आई, ती आजी रडतेय." आई घाईत होती. "अगं, त्या मिस वर्लीन, त्या रोजच बसतात. हात हलव आणि चल." मुलीनं हात हलवला. जाताना ती मान वळवून वळवून बघत होती.

लेकीकडे गेलेली ऑटिली संध्याकाळी परतली आणि तिनं त्यांना पाहिलं. दवाखान्याची गाडी येऊन गेल्यावर तिनं माझ्या पोटात हात घातला, रिकामं चाचपलं. पाहुण्यांच्या तक्रारी तिला ठाऊक होत्या, तिला सगळं कळलं. अकराव्या दिवशी मिस वर्लीन गेल्या. ऑटिली कॉलेजच्या कचेरीत तीनदा गेली. तिथे गोड चहा मिळाला, प्रुइट काही भेटला नाही.

मित्रांनो, माफ करावं असं मुलांना शिकवतात. मी लोखंडाची आहे, मला ते जमलं नाही.

पुढच्या वसंतात कॉलेजला दीडशे वर्षं झाली. गावाच्या आठवणी जपायच्या म्हणून प्रुइटनं मला उचलून नेलं, काळा रंग दिला आणि मैदानातल्या उंच विटांच्या खांबावर चढवलं. नेताना त्यानं ऑटिलीला विचारलं, घंटा वाजते ना? ऑटिली म्हणाली, "साठ वर्षं वाजतेय, बाळा. तू तर जेवायलाच यायचास." आत डोकावून बघायचं त्याला सुचलं नाही.

समारंभाला सारं गाव जमलं. ऑटिली ठेवणीतली टोपी घालून पहिल्या रांगेत बसली. प्रुइट मिस वर्लीनच्या हातच्या जेवणावर भरभरून बोलला. डोळे पुसले. मग त्यानं दोरी ओढली.

मी झुलले. डौलात झुलले. आवाज नाही. त्यानं हसून पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी. त्याचं हसू गळून पडताना मी वरून पाहिलं, आणि खोटं का बोलू, मला फार बरं वाटलं.

ऑटिली उठली. आवाज न चढवता म्हणाली, "त्या शनिवारीसुद्धा एवढाच आवाज झाला होता, हॅस्केल. तुझ्या माणसानं लोळा काढून नेला होता. वर्लीन दिवसभर दोरी ओढत होती."

त्या मुलीची आईही तिथे होती. तिनं लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि मान वर केली नाही.

कॉलेजवाले मला नवा लोळा बसवायला निघाले होते. ऑटिलीनं बसवू दिला नाही. मी अशीच बरी. माझ्याकडे बघून लोक खाली बघतात, तेवढं मला पुरे.

आणि मित्रांनो, तुमच्या शेजारीही कुणीतरी एकटं राहत असेल. रोज दिसणारं, म्हणून कुणी न बघणारं. हे पुस्तक मिटा आणि आत्ता जा. फाटकातून विचारू नका. आत जा, जवळ बसा, आणि ते माणूस नीट आहे ना, हे डोळ्यांनी बघून या.