काचेवरच्या दोऱ्या

राजारामपुरीत अमरसिंहनं चार मजली काचेची इमारत उठवली आणि शेजारच्या जुलेखाच्या जिवाला घोर लागला. आरशासारखी काच! गल्लीतला गुलमोहर तिच्यात, आभाळ तिच्यात, जुलेखाची गच्चीसुद्धा तिच्यात. पाखराला काय कळतंय? झाड दिसलं की ते बिनघोर जायचं आणि धाडकन आपटायचं. बुलबुल, तांबट, एकदा तर पोपटांची जोडीच. मधल्या बोळात पडलेली, मान लुळी झालेली पाखरं जुलेखा उचलायची आणि अमरसिंहच्या नावानं खडे फोडायची.

तोंडावर बोलायलाही ती भ्यायची नाही. "अमरदादा, काच तुमची आणि मयत आमच्या दारात व्हय?" अमरसिंह हसायचा. फारच मागं लागली तेव्हा त्यानं घारीचं एक चित्र आणून काचेवर चिकटवलं. दुसऱ्याच दिवशी त्या घारीच्या शेजारी बुलबुल आपटला. मग मात्र जुलेखा हट्टालाच पेटली. तिचा नवरा इमाम पडदे शिवायचा. दुकानात उरलेली दोरी तिनं गोळा केली, चार बोटांवर एक अशा दोऱ्या नळीला बांधल्या आणि काचेवर बाहेरनं वरपासून खालपर्यंत सोडायला लावल्या. मधनं जायला वाट नाही असं दिसलं की पाखरू वळतं, एवढी साधी गोष्ट! अमरसिंह कुरकुरला, "भाभी, वरच्या मजल्यावरच्या क्लासची पोरं ह्याला गोठा म्हणत्यात की." म्हणू देत. पाखरं मरायची थांबली. बोळ झाडताना जुलेखाला वाटायचं, आयुष्यात एक तरी काम आपण तडीला नेलं.

आता इमामचा नाद ऐका. कबुतरं! गच्चीवर त्याची ढाबळ होती आणि जीव सगळा त्या ढाबळीत. ह्या खेळात सकाळी सोडलेलं कबुतर दिवसभर आभाळात राहायला पाहिजे आणि अंधार पडायच्या आत आपल्याच गच्चीवर उतरायला पाहिजे. जे सगळ्यात जास्त उडेल ते जिंकलं. इमामची निळी मादी यंदा भल्याभल्यांना पाणी पाजणार, असं पार हातकणंगल्यापर्यंत बोललं जात होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी इमाम म्हणाला, "उद्याच्याला त्या दोऱ्या गुंडाळून वर घेऊया."

"का?"

"हलत्यात त्या. दमलेलं पाखरू बुजतं. उतरलंच न्हाय तर?"

"रोज उतरतंय की!"

"रोजचं येगळं, स्पर्धेचं येगळं. तुला न्हाय कळायचं त्यातलं."

न्हाय कळायचं! जुलेखाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "एका दिवसासाठी बी काढायच्या न्हाईत," तिनं ठणकावलं. इमाम ऐकून घेतल्यासारखं करून गेला तो सरळ अमरसिंहकडं. अमरसिंहला तेच पाहिजे होतं. ह्यानं गुंडाळायला सांगितल्या, त्या बहाद्दरानं माणूस चढवून कापूनच टाकल्या.

मादीनं मात्र नाद खुळा केला. बाकीच्यांची कबुतरं उतरली तरी ही वर ठिपक्याएवढी. ऊन तिरपं झालं तशी घिरट्या घालत खाली येऊ लागली. गच्चीवर माणसं मावेनात, पंच घड्याळात डोळे घालून उभा. खेळाच्या रीतीप्रमाणं तिला खाली बोलवायला इमामनं पांढरा नर हातात धरून फडफडवला, शीळ घातली. दोऱ्या गेल्यानं उघड्या पडलेल्या समोरच्या काचेत दुसरी गच्ची होती, दुसरा इमाम होता, त्याच्या हातात दुसरा पांढरा नर होता. जुलेखानं ते बघितलं. "अवं, थांबा! हात खाली घ्या!" ती ओरडली. त्या गलक्यात तिचं कोण ऐकतंय?

मादी पंख आवळून आली ती त्या दुसऱ्या इमामकडं गेली. आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला.

मग काय विचारता! गडमुडशिंगीहून माणसं आली, इमामच्या गळ्यात पडून रडली. चहा करून करून जुलेखाचे हात भरून आले. मादीचं तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पिल्लू असताना भिजवलेली डाळ तिनंच भरवली होती. पण एवढी बुलबुलं मेली तेव्हा ह्या दारात कुत्रं फिरकलं नव्हतं, हे तिला राहून राहून डाचत होतं.

त्याच आठवड्यात बोळात तांबट पडला. जुलेखा नवी दोरी घेऊन अमरसिंहकडं गेली.

"आता कशाला भाभी? ज्याच्यासाठी दोऱ्या होत्या ते पाखरूच गेलं."

"त्याच्यासाठी कुठं होत्या, दादा?"

"मला काय म्हाईत? इमामभाईंनी काढायला लावल्या, त्यांनीच सांगितलं तर लावतो."

घरी येऊन तिनं इमामला विनवलं. विनवलं बरं का, भांडली नाही. "तुमचा एक शब्द पाहिजे, बास."

इमामचे डोळे भरले. "नगं, जुलेखा. त्या दोऱ्या नदरंला पडल्या की माझी मादी आठवंल."

"म्हणून बाकीच्यांनी मरायचं व्हय?"

तो उठून गच्चीवर गेला.

रविवारी त्यानं ढाबळ हलवली, गच्चीच्या मागच्या अंगाला, जिथनं काच दिसत नाही. गडमुडशिंगीच्या एका दोस्तानं त्याला नवी मादी कबूल केली होती. जुलेखा चहा घेऊन वर गेली तेव्हा तो फळ्या ठोकत होता, पुष्कळ दिवसांनी खुशीत होता.

"आता काय भ्या न्हाय बघ," तो म्हणाला.

"कुणाला?" जुलेखानं विचारलं.

इमाम खाली वाकून पुढचा खिळा शोधत होता.