एकवीस जुलैची लाल तारीख

मी एक जुनं जपानी कॅलेंडर आहे. जुनं म्हणजे मागच्या वर्षीचं. पण मित्रांनो, आम्हाला म्हातारपण एक जानेवारीलाच येतं.

मी ओसाकाच्या छापखान्यात जन्मलो आणि टोकियोच्या क्लायंटकडून भेट म्हणून अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला मालिनीकडे आलो. तिकडच्या सुट्ट्या पाहून ती मीटिंगा लावायची. वर्षभर माझा भारी मान होता. वर्ष सरल्यावर मी कचऱ्यातच जाणार होतो, पण तिचे वडील राजारामआबा म्हणाले, "राहू दे गं. जुलैच्या पानावर समुद्र आहे." आबा चाळीस वर्षं हर्णैला मच्छीमार बोट चालवत. तेव्हापासून माझं जुलैचंच पान उघडं असे.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, एवढंच आबांनी लेकीकडे मागितलं होतं.

"आबा, त्या वीकला रिलीज आहे. लीव्ह नाही मिळणार."

"बरं," आबा म्हणाले. पुन्हा विषय काढला नाही. मला फार वाईट वाटलं.

जुलै आला. शाळेत जपानी शिकणाऱ्या नातीने, आन्याने, माझी लाल तारीख वाचली. "आबा, उमी नो हि! सी डे. समुद्राला थँक यू म्हणायची हॉलिडे."

"म्हणजे जपान्यांची नारळी पौर्णिमाच की!" आबा खुलले.

यंदा एकवीसला मंगळवार. टोकियो बंद म्हणजे त्या दिवशीची मीटिंग नाही. मालिनीने लगेच हाफ डे टाकला. ही सुट्टी जुलैच्या तिसऱ्या सोमवारी असते, तारीख दरवर्षी बदलते, हे मला ठाऊक होतं. पण सांगणार कसं?

नारळाला सोनेरी कागद मिळाला नाही, म्हणून आबांनी माझं जुलैचं पान फाडून त्याला गुंडाळलं. गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर पान सोडून आन्याच्या हातात दिलं आणि नारळ घेऊन आबा गुडघाभर पाण्यात शिरले. तेवढ्यात मालिनीचा फोन वाजला. ऑफिसातला अमित होता.

"कुठे आहेस? टोकियो लाइनवर आहे. त्यांची सुट्टी काल होती, यार!"

मालिनीने आन्याच्या हातातल्या माझ्या पानावरचं साल पाहिलं. मी शरमेने अर्धा झालो. मग तिने आबांकडे पाहिलं. डोळे मिटून ते काहीतरी पुटपुटत होते.

"आजचं तू हँडल कर," ती म्हणाली. "मी आबांबरोबर आहे." तिने फोन पर्समध्ये टाकला.

मित्रांनो, जुन्या कॅलेंडरवर विसंबू नका. आम्हाला वेळेवर उतरवा. पण घरातल्या माणसाने काही मागितलं, तर लाल तारखेची वाट पाहू नका.

दुसऱ्या दिवशी माझ्या खिळ्यावर इथल्या मराठी मंडळाचं कॅलेंडर आलं. नारळी पौर्णिमा त्यात काळ्या शाईत होती. मालिनीने तिच्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि विचारलं, "आबा, किती वाजता निघायचं?"